पेन्सिलीतले आकडे

चार नंबरच्या खुर्चीवर एक पुरुष बसला होता. पाय लांब सोडून, तोंडासमोर पेपर धरून, खुर्ची जशी काही वडिलांकडून वाटणीत आली आहे अशा ऐटीत. रत्नप्रभा काचेच्या दारातच थबकली. गेले पाच महिने दर मंगळवारी दहाच्या सुमाराला त्या खुर्चीवर अंजनाबाई असायच्या. एक मंगळवार सलाईनचा, पुढचे दोन नुसते रक्त तपासायचे, पण खुर्ची तीच. खारदांड्याहून बस बदलून यायच्या, पदर कमरेला खोचलेला, केमोनंतर जेमतेम बोटभर उगवलेल्या केसांत पिन टोचून बसवलेलं चाफ्याचं फूल. नर्सने फूल काढा म्हटलं की म्हणायच्या, ‘सुई हातात टोचतंस ना गो, मग डोक्याकरं कला बगतंस?’ आज तिथे पेपर होता, आणि पेपराच्या खाली परीट घडीची पँट. रत्नप्रभाला पहिल्यांदा आला तो रागच. तिच्याजवळ एक बातमी होती आणि ती बातमी त्या खुर्चीसाठी आणलेली होती.

बातमी दहा मिनिटांपूर्वीची होती. डॉक्टर देवदत्तांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला होता आणि स्कॅनमधलं यकृत दाखवलं होतं. जानेवारीत तिथे तीन गाठी होत्या. आता एक दिसतच नव्हती, आणि उरलेल्या दोन वाटाण्याएवढ्या झाल्या होत्या. ‘दोन्ही औषधं एकत्र लागू पडली तुम्हाला,’ असं ते म्हणाले, आणि मग सावधगिरीची जी वाक्यं डॉक्टरांना म्हणावीच लागतात तीही म्हणाले. रत्नप्रभाला आनंद झाला नाही. धक्का बसला. दीड वर्ष ती मरणाची तयारी करत होती, नीट, एकेक कप्पा लावत, आणि कुणीतरी येऊन गाडी रद्द झाल्याचं सांगितलं होतं. उठून बाहेर येताना तिने मनातल्या मनात यादी केली, कुणाला कुठल्या क्रमाने सांगायचं. नवरा चंद्रप्रकाश खाली औषधांच्या रांगेत होता, पण तो पहिला नको. तो रडेल, आणि रांगेतले लोक भलताच अर्थ घेतील. मुलगी श्वेता बंगळुरात, तिला दुपारी. जाऊबाईंना तर आठवडाभर सांगायचंच नाही. पहिल्या अंजनाबाई. कारण सगळ्या जगात ती एकच बाई अशी होती जी ‘मी म्हणत नव्हते का’ असं म्हणणार नाही.

माणसं अशी रकान्यांत घालायची तिची सवय जुनी. घाटकोपरच्या घरी भेटायला येणाऱ्यांचे तिने प्रकारच पाडले होते. शहाळं आणणारे बसल्या बसल्या छातीकडे बघतात आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. डाळिंबवाल्यांना स्वतःच्या एखाद्या नातेवाइकाची गोष्ट सांगायची असते, आणि तो नातेवाईक शेवटी मेलेला असतो. रिकाम्या हाताने येणारे खरे. ते लादीवर पोछाही मारून जातात. ‘अगं, किती फ्रेश दिसतेस,’ म्हणणाऱ्या बायकांना तिने एका स्वतंत्र रकान्यात टाकलं होतं आणि त्या रकान्याला नाव दिलं नव्हतं. अंजनाबाई मात्र कुठल्याच रकान्यात बसल्या नव्हत्या. पहिल्याच दिवशी शेजारच्या खुर्चीवरून त्यांनी रत्नप्रभाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं होतं आणि विचारलं होतं, ‘तुजा कुटला गेला? माजा डावा.’

जान्हवी आली. दोन औषधं जोडून देण्याचा जो अभ्यास इथे चालला होता त्याची सगळी कागदपत्रं ही मुलगी सांभाळायची. वय पंचविशीचं, गळ्यात ओळखपत्र, हातात सदैव फाइल. ‘काकू, या ना, तुमची दोन नंबर तयार आहे. रिपोर्ट ऐकला मी. झकास.’

‘अंजनाबाई?’

‘तुम्हाला नाही कळलं?’ जान्हवीने फाइल छातीशी धरली. ‘त्या वर आहेत, आयसीयूत. काल दुपारी आणलं. खूप जुलाब, ताप, बीपी एकदम खाली. इन्फेक्शन धरून अँटिबायोटिक चालू केलंय. बाहेरचं काहीतरी खाल्लं असणार.’

‘कधीपासून?’ हा प्रश्न रत्नप्रभानेच विचारला. तिच्याच तोंडून तो बाहेर पडला, जणू तिला उत्तर माहीतच नव्हतं.

‘रविवारपासून, असं त्याच सांगतात. आणि वही तर एकदम क्लीन आहे त्यांची. मागच्या मंगळवारपर्यंत दोन, दोन, दोन. तुम्हीच लिहिता ना? सगळ्या पेशंटांत नीट वही त्यांचीच. मी बाकीच्यांना दाखवते, बघा, असं लिहायचं असतं.’

रत्नप्रभा दोन नंबरच्या खुर्चीवर बसली. खुर्चीचं रेक्झिन गार होतं. वरच्या एसीतून थंडगार वारा नेमका मानेवर पडत होता आणि कुठल्या तरी पेशंटचं सलाईनचं यंत्र टिक टिक करत होतं, बरोबर, न चुकता, एक टिक, दुसरी टिक. ती मोजू लागली. सतराव्या टिकेला तिच्या लक्षात आलं की आपण मोजतोय, आणि मग मोजणं थांबेना.

दोन. दोन. दोन. निळ्या शाईत, तिच्या वळणदार अक्षरात.

वही म्हणजे काय, तर अभ्यासातल्या प्रत्येक पेशंटला दिलेली एक पातळ डायरी. गोळी किती वाजता घेतली, ताप आला का, अंगावर पुरळ, खोकला, आणि दिवसातून शौचाला किती वेळा. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, हे डॉक्टर देवदत्तांनी दोघींना एकत्र बसवून समजावलं होतं. त्यांनी सांगितलेलं रत्नप्रभाने तिथल्या तिथे आपल्या भाषेत करून घेतलं. गेटवर वॉचमन आहे. चोराने बनावट पास करून घेतलाय, त्यामुळे वॉचमन त्याला रोज सलाम ठोकून आत सोडतो. तीन आठवड्यांनी सलाईनमधून जातं ते औषध वॉचमनला सांगतं, अरे, हा पास खोटा. आणि रोजची गोळी आत शिरलेल्या चोराचं कँटीन बंद करते. एकट्या वॉचमनने भागत नाही, एकट्या गोळीने भागत नाही, दोन्ही एकदम. पण जागा झालेला वॉचमन कधी कधी इतका पेटतो की सोसायटीतल्या माणसांनाच झोडपायला लागतो. आतड्यांना तर पहिलं. म्हणून नेहमीपेक्षा चारदा जास्त जायला लागलं की त्याच दिवशी फोन करायचा. लपवायचं नाही. वेळेत कळलं तर उपाय आहे. अंजनाबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘डॉक्टर शिकलेला, पन हागायचंच इचारतो.’ आणि वही रत्नप्रभाच्या मांडीवर टाकली. ‘मना लिवनं नाय येत. सून लिवंल, पन तिला सांगू कसला? तू लिव गो बाय.’

लिहिणं हेच तर रत्नप्रभाचं काम. लालबहादूर शास्त्री रस्त्यावरच्या एका कारखान्यात ती सत्तावीस वर्षं टाइमकीपर होती. गिरणीतली नोकरी जाऊन घरी बसलेल्या बापाची मुलगी. गेटजवळच्या काचेच्या खोलीत बसायची आणि साडेतीनशे माणसांच्या येण्याजाण्याची वेळ लिहायची. आठ वाजून दहा मिनिटं ही हद्द. अकरावं मिनिट लागलं की अर्धा दिवस कापला. रत्नप्रभाच्या खोलीतलं घड्याळ बरोबर होतं पण तिचं पेन दयाळू होतं. धापा टाकत आलेल्या माणसाचे आठ एकवीस ती आठ नऊ लिहायची. आधी पेन्सिलीने खरी वेळ एका कागदावर टिपायची, कारण खरं काय ते आपल्याला तरी माहीत पाहिजे. मग संध्याकाळी मस्टरवर शाईने पक्कं करताना ज्याला जेवढं लागेल तेवढं पुसायचं. कारखान्यातली माणसं तिला देवी मानायची. दसऱ्याला पहिला पेढा काचेच्या खोलीत यायचा. स्वतःच्या हजेरीत मात्र तिने कधी एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही, आणि या गोष्टीचा तिला जरा गर्वच होता. खोटेपणा असा की ज्यातला एक थेंबही आपल्या वाट्याला येत नाही, त्याला खोटेपणा कोण म्हणेल?

मार्चमध्ये तिचं स्वतःचं पोट बिघडलं. पाचदा, मग सहादा. तिने वहीत पाच लिहिलं, सहा लिहिलं, आणि फोन केला. त्यांनी तीन आठवडे गोळी बंद ठेवली, सलाईन पुढे ढकललं, स्टिरॉइड दिलं. पोट चार दिवसांत थांबलं. पण ते तीन आठवडे. दुपारी पडल्या पडल्या उजव्या बरगडीखाली तिला वाढ ऐकू यायची. खरोखर ऐकू यायची, पिठात पाणी मुरतं तशी. कँटीन चालू झालंय. चोर जेवतोय. चंद्रप्रकाश चहा घेऊन यायचा आणि म्हणायचा, ‘गो, बंद केल्यानी म्हंजे कायमचा नाय मां?’ आणि ती म्हणायची, ‘मला काय विचारता?’ तीन आठवड्यांनी औषधं पुन्हा चालू झाली, पण आतली भीती बंद झाली नाही. तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं की खरं लिहिण्याची ही शिक्षा आहे, आणि ही शिक्षा आपण सोसली, पण दुसऱ्याला सोसू द्यायची नाही. दुसऱ्याला म्हणजे शेजारच्या खुर्चीला.

त्यामुळे अंजनाबाईंचा आकडा पहिल्यांदा चारवर गेला तेव्हा तिने फार विचार केलाच नाही. अंजनाबाई रोज दुपारी दोनच्या आसपास, बाजारातली माशांची पाटी रिकामी झाली की फोन करायच्या. आजूबाजूला कोयत्याचे घाव, मांजरांचं ओरडणं, गिऱ्हाइकांची घासाघीस. ‘लिव, आज चार.’ रत्नप्रभा आपल्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने चार टिपायची. मग मंगळवारी, रक्त द्यायला दोघी भेटल्या की अंजनाबाईंच्या वहीत निळ्या शाईने पक्कं करायची: दोन. पहिल्यांदा तिने ते वाचून दाखवलं तेव्हा अंजनाबाईंनी वहीवर बोट ठेवलं होतं. ‘दोन कला गो? चार बोलले मी.’

‘चार लिहिलं तर औषध थांबवतील. नावच काढून टाकतील कदाचित अभ्यासातून. मी भोगलंय ते. तुमचं स्कॅन होऊ दे एकदा. चांगलं आलं की मग सांगू, पोट जरा नाजूक आहे म्हणून. तोवर मऊ भात, ताक, आणि मीठ-साखरेचं पाणी.’

अंजनाबाईंनी वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ‘म्हंजे तू पन पानी मारून मासा ताजा करतंस,’ त्या म्हणाल्या आणि हसल्या. ‘आमी बर्फाचं पानी मारतो, तू शाईचं. पन ऐक बाय, ज्याला मासा कलतो तो गालामागचा कल्ला उघरून बगतो. लाल हाय का काला.’

‘इथे कोण कल्ला उघडतंय,’ रत्नप्रभा म्हणाली होती. तिला स्वतःच्या उत्तराची गंमत वाटली होती. आता तेच वाक्य तिच्या कानांत टिक टिक करत होतं.

तिने पर्समधून आपली वही काढली. मागचं पान उघडायचं नव्हतं. ती नुसती वही हातात धरून बसली. पेपरवाला पान उलटत होता. अचानक तिला नंदू आठवला. तीस वर्षांत तो तिला आठवला नव्हता असं नाही, पण आठवला की ती त्याला लगेच पुढच्या पानावर ढकलायची. प्रेस विभागातला नंदू, पोरसवदा, नुकतं लग्न झालेलं. सतत दोन महिने उशिरा यायचा, आठ पंचवीस, आठ तीस, डोळे तारवटलेले. दिवसा इथे आणि रात्री कुठल्याशा गोदामात, दुहेरी नोकरी. ती रोज आठ नऊ लिहायची. त्याच्या साहेबाला कधी कळलंच नाही की हा माणूस झोपेत मशीनवर उभा राहतो. उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती फळं घेऊन भेटायला गेली होती. बँडेजचा हात कपाळाला लावून तो म्हणाला होता, ‘बाई, तुमच्यामुळे माझा एकही हाफ-डे नाही पडला.’ ती घरी आली, वरण-भात केला, जेवली. हिशेब कुठेच मांडला नाही. सगळ्या माणसांचे रकाने पाडणाऱ्या बाईने हा एक माणूस कुठल्याच रकान्यात घातला नव्हता, आणि आज कळत होतं की तो आयुष्यभर पानाच्या मागे उभा होता, बोटं गेलेला हात कपाळाला लावून.

गेल्या बुधवारी सहा. गुरुवारी सात. शुक्रवारी सात. शनिवारी फोनवर अंजनाबाईंचा आवाज खोल गेला होता. ‘आठ, बाय. आनि जरा लाल बी पडलं.’ रत्नप्रभाने आठ टिपला. ‘लाल’ लिहिलं. मग पेन्सिल थांबली होती. ती म्हणाली होती, ‘मंगळवारी स्कॅन आहे तुमचं. तीनच दिवस. मंगळवारी मी स्वतः डॉक्टरांना सांगते. तोवर धीर धरा.’ पलीकडे रिकामी पाटी उचलल्याचा आवाज आला. मग, ‘तू बोलतंस तर बरोबरच असंल.’ रविवारी फोन आला नाही. रविवार म्हणजे माशांचा मोठा धंदा, असं तिने स्वतःला सांगितलं. सोमवारी आला नाही. सोमवारी तिने काय सांगितलं स्वतःला? सोमवारी तिने उद्याच्या स्कॅनच्या निकालाचा विचार केला. स्वतःच्या.

‘ताई.’

समोर नमिता उभी होती, अंजनाबाईंची सून, त्यांच्या प्रज्योतची बायको. एका मॉलमध्ये बिलिंगला असायची; त्याच गणवेशात, डोळे सुजलेले. रत्नप्रभा उठायला गेली, पण नमिताने तिचा हात धरला, आणि तो हात इतका गार होता की रत्नप्रभाला आधी वाटलं हा आपलाच.

‘ताई, तुम्ही वर चला ना प्लीज. ते छोटे डॉक्टर आहेत ना, ते म्हणतात, घरच्यांनी लपवलं. एवढं एका दिवसात होत नाही म्हणे. माझ्यावर ओरडले. मी काय लपवणार? मला त्या काही सांगतात का? गॅस झालाय म्हणायच्या, नाक्यावरच्या संडासात तीन-तीन वेळा जायच्या, मी म्हटलं म्हातारी माणसं. प्रज्योत तर बोटीवरून कालच आला, तो तिथे डोकं धरून बसलाय.’ तिने श्वास घेतला. ‘तुम्ही रोज फोनवर होता. वही तुम्ही लिहिली. तुम्ही सांगा त्यांना, की आम्ही काही लपवलं नाही. तुमचं ऐकतील.’

जान्हवी सुई लावायचा ट्रे घेऊन आली होती. ‘काकू, आधी सलाईन लावून घेऊया का? एक तास लागेल, मग जा.’

एक तास. रत्नप्रभाने ट्रेकडे पाहिलं. औषधाची लहानशी बाटली, त्यावर तिचं नाव, बिनचूक. वॉचमनसाठीचा निरोप तयार होता. एक क्षण, तिने पुढे कधी तरी मोजला असता तर फार तर चार टिकांचा, तिच्या मनात आलं की तासाभराने काय बिघडतं. आधी माझं होऊ दे. आणि हे मनात आल्याचं तिला दिसलं, एखादा माणूस गेटातून आत येताना दिसावा तसं, वेळेसकट. ‘नंतर,’ ती म्हणाली आणि वही घेऊन उठली.

लिफ्टमध्ये नमिता तिचा हात सोडत नव्हती. आयसीयूच्या दाराबाहेर चपला काढायच्या, अंगावर निळा झगा घालायचा. डॉक्टर देवदत्त आतच होते, एका तरुण डॉक्टरशी बोलत. ‘शौचाचा रिपोर्ट यायला उद्या दुपार होईल,’ तरुण डॉक्टर म्हणत होता. ‘इन्फेक्शन असलं आणि आपण स्टिरॉइड दिलं तर उलटेल, सर. आणि औषधामुळे झालं म्हणावं, तर हिस्टरी दोनच दिवसांची आहे. वही बघा ना.’ वही त्याच्याच हातात होती. रत्नप्रभाला स्वतःचं अक्षर लांबून दिसलं. दोन-दोनची रांग, अगदी सरळ, पट्टी धरल्यासारखी.

पलंगावर अंजनाबाई होत्या, पण त्यांना ओळखायला रत्नप्रभाला खूण शोधावी लागली. चाफा नव्हता. ओठ पांढरे. पोट चादरीखाली फुगलेलं. देवदत्त वाकले आणि मोठ्याने म्हणाले, ‘अंजनाबाई, पुन्हा एकदा विचारतो. रविवारच्या आधी पोट ठीक होतं? नीट आठवून सांगा.’

अंजनाबाईंनी डोळे उघडले. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. नमिताच्या खांद्यावरून त्यांची नजर रत्नप्रभावर येऊन थांबली, आणि तिथेच राहिली. ‘वहीत हाय तेच,’ त्या म्हणाल्या. ‘बायनी लिवलंय तेच खरं.’

‘ऐकलंत?’ नमिता डॉक्टरांना म्हणाली. ‘आता या ताई सांगतील.’ आणि तिने रत्नप्रभाला हलकेच पुढे ढकललं.

रत्नप्रभाला सगळं फार स्वच्छ दिसत होतं. तरुण डॉक्टरच्या खिशातल्या पेनाचं टोपण चावलेलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून आठ मिनिटं झाली होती. तिने ती तशीच वाचली. मग तिने स्वतःची वही उलटी केली, मागचं पान उघडलं आणि डॉक्टर देवदत्तांसमोर धरलं.

‘हे खरे आकडे आहेत,’ ती म्हणाली. ‘त्या मला रोज सांगायच्या. त्यांनी कधी काही लपवलं नाही. घरच्यांनी पण नाही. चोवीस दिवस झाले. शाईने लिहिलंय ते मी बदललेलं आहे.’

देवदत्तांनी पान हातात घेतलं. पेन्सिलीचे आकडे पुसट होते, त्यांना वही खिडकीकडे धरावी लागली. तीन, चार, चार, पाच. त्यांचं बोट ओळीवरून उतरत गेलं. सहा, सात, सात, आठ. ‘लाल’पाशी बोट थांबलं. ते रत्नप्रभाकडे वळले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ‘स्टिरॉइड चालू करा,’ ते तरुण डॉक्टरला म्हणाले. ‘शिरेतून, पूर्ण डोस, आत्ता. अँटिबायोटिक चालूच राहू दे. पोटाचा सीटी आणि सर्जनला फोन. तीन आठवडे झालेत हिला, दोन दिवस नाही.’ माणसं हलू लागली. कुणीतरी पडदा ओढला, कुणीतरी फोन लावला, आणि रत्नप्रभा मधोमध उभी राहिली, कारखाना सुटल्यावर गेटात उभी राहावी तशी, सगळे तिला वळसा घालून जात होते.

फक्त नमिता हलली नाही. तिने तरुण डॉक्टरने पलंगावर टाकलेली वही उचलली, निळ्या शाईचं पान बघितलं, मग देवदत्तांच्या हातातली पेन्सिलीची वही बघितली.

‘हे पण तुम्हीच लिहिलंय?’

‘हो.’

‘आणि ते?’

‘तेही मीच.’

नमिताने मान हलवली, ग्राहकाने परत केलेली वस्तू तपासून बाजूला ठेवताना हलवतात तशी. ओरडली नाही. रत्नप्रभाच्या दंडावर तिचा हात अजून होता. तो तिने काढून घेतला आणि स्वतःच्या गणवेशाला पुसला.

‘बाय,’ पलंगावरून आवाज आला. रत्नप्रभा वाकली. अंजनाबाईंच्या तोंडाला कोरड्या जिभेचा वास येत होता. त्यांच्या डोळ्यांत राग शोधावा म्हणून तिने पाहिलं, पण तिथे त्याहून वाईट काहीतरी होतं, जुनी ओळख. ‘शेवटाला कल्ला तूच उघरलास ना,’ त्या म्हणाल्या. ‘मी तुजं नाव नव्हती सांगत.’ मग सिस्टरने रत्नप्रभाला बाजूला केलं, आणि पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकत गेल्या.

ती जिन्याने खाली आली. किती मजले, ते तिने मोजले नाहीत. पहिल्या मजल्याच्या वळणावर चंद्रप्रकाश भेटला, वर येत होता, हातात औषधांची पिशवी आणि तिच्यासाठी घेतलेला कटिंग चहा, वर झाकण म्हणून कागद धरलेला. जान्हवीने त्याला एवढंच सांगितलं होतं की सलाईन अजून लावलेलं नाही, काकू वर गेल्यात. तेवढ्यावर त्याने काय काय रचलं असेल ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. चहा पिशवीवर सांडला होता.

‘काय झाला गो?’ तो म्हणाला. ‘स्कॅनचा काय बोलले? सांग, मी तयार असंय. किती दिस रवले?’

तिने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस दीड वर्ष तिच्या पायाशी बसून होता आणि त्याला सांगायची बातमी तिच्याजवळ होती, सकाळी दहापासून, अख्खी, न उघडलेली. ती तोंड उघडून ती बातमी शोधू लागली. तीन गाठी. एक दिसत नाही. वाटाणे. ते शब्द कुठेतरी होते, पण त्यांच्यापुढे एक आकडा येऊन उभा राहिला होता, पेन्सिलीतला, पुसट, आणि तो बाजूला होत नव्हता.

‘आठ,’ ती म्हणाली.